सड्यावर म्हणे काहीच नाही! (जनसुनावणीच्या आधी अहवाल वाचला त्याची गोष्ट)

सडेकर | रवि, रात्री १०:५०

एरवी मी वाचनमात्र, पण परवापासून डोकं भणभणतंय तेव्हा म्हटलं धागा काढूच.

आमच्याकडं (कोकण, याच्यापुढं पत्ता नाही, प्रकल्पाचं नाव पण नाही, विचारू नका) सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक मोठं काम येऊ घातलंय आणि त्याची जनसुनावणी लागलीये. नोटीस पेपरात आली होती म्हणे, टेंडरच्या गर्दीत मुंगीएवढ्या अक्षरात, गावाला कळलं तोवर तीस दिवसांतले अकरा उडालेले. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय आघात होईल त्याचा मसुदा अहवाल कुठं बघायला मिळेल ते नोटिशीतच असतं म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो तर तिथल्या माणसाला तो कुठल्या कपाटात आहे तेच माहीत नाही. सापडला तेव्हा वरचं प्लॅस्टिक पण फाडलेलं नव्हतं, म्हणजे पहिला वाचक मीच! फोटो काढायचा नाही, झेरॉक्स नाही, इथंच बसून वाचा म्हणाले. सहाशेच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. मराठीत फक्त सारांश, चौदा पानांचा, आणि तो असल्या मराठीत की इंग्रजी परवडलं. 'वनस्पती व जीवजंतू यांवर नगण्य आघात अपेक्षिला जात नाही' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. नगण्य अपेक्षित नाही म्हणजे दणदणीत अपेक्षित आहे का हो?

असो. दोन दिवस वही घेऊन बसलो. त्यात एक तक्ता सापडला: अभ्यासाचा काळ मार्च ते मे, जागेचं वर्णन ओसाड खडकाळ जमीन, तुरळक वाळकं गवत, महत्त्वाची वनस्पती आढळली नाही. आता मे महिन्यात सड्यावर काय डोंबल आढळणार, चप्पल घालून उभं राहवत नाही तिथं. तोच माणूस ऑगस्टच्या शेवटी येऊ दे. गेंद फुललेले असतात, मध्येच सीतेच्या आसवांचा निळाजांभळा पट्टा, प्रत्येक खळग्यात पाणी आणि त्या वीतभर पाण्यात बेडूकमाशांची वळवळ. आणि सड्यात मुरलेल्या त्याच पाण्यावर खालच्या वाडीची विहीर उन्हाळा काढते, हे तर अहवालात कुठंच नाही. कासचं पठारही असंच कातळाचं, पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारशात गेल्या त्यातलं एक, साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती सांगतात तिथं. पण कासचा अभ्यास कुणी एप्रिलमध्ये केला असता तर 'तुरळक वाळकं गवत' हेच लिहून मोकळा झाला असता.

गंमत म्हणजे यात बेकायदेशीर काही नाही! बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. म्हणजे ज्या चार महिन्यांत सडा जिवंत असतो तेवढेच नेमके वगळायचे आणि मग लिहायचं की काही सापडलं नाही.

अजून एक. मुख्य प्रकरणात म्हटलंय की परिसरात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली (म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेली) प्रजाती नाही. मागं परिशिष्टात पक्ष्यांची यादी, त्यात सातव्या ओळीत मोर. मोर पहिल्या अनुसूचीत आहे हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं.

तर माझा प्रश्न असा की हे कागद तपासायचे कुणी? सरकार निर्णय घेतं, कंपनी अहवाल देते, मग तो निर्णय कशाच्या जोरावर घेतला हे नीट वाचून सांगणारं कोण आहे आपल्याकडं? माझ्यासारख्या बारावी सायन्स आणि आंब्याची कलमं एवढ्या भांडवलावर हे होतं का?

पावणेबारा | रवि, रात्री ११:४५

वाचनखूण साठवली. आणि सडेकर, तुमच्याकडं निदान मोर तरी खरा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली होती, रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून मजकूर उचललेला आणि सायबेरियाछाप झाडं तशीच राहून गेलेली. पर्यावरणवाल्यांनी ते पकडलं, नाहीतर आज आपण रत्नागिरीत बर्चच्या सावलीत हापूस खात बसलो असतो.

सरळरेषा | सोम, सकाळी ८:१०

धागा चांगला आहे पण नेहमीच्या वळणावर जाणार हे दिसतंय म्हणून आधीच काडी टाकतो. कुठलाही प्रकल्प आला की अहवाल खोटा, कंपनी चोर, अधिकारी विकलेले. मी स्थापत्य अभियंता आहे, तीस वर्षं रस्ते पूल केलेत. एखादा मोर राहिला म्हणून सगळा अहवाल बाद? कोयना झाली नसती तर महाराष्ट्र अंधारात बसला असता. तुमच्या वाडीतली पोरं मुंबईला खोल्यांत सहा-सहा जण राहतात ते कशामुळं, गावात काम नाही म्हणूनच ना? ह्या अभ्यासवाल्या संस्थांना कधी एखादा प्रकल्प चांगला आहे असं म्हणताना ऐकलंय का कुणी? आधी निष्कर्ष ठरतो आणि मग अभ्यास.

सडेकर | सोम, सकाळी ८:४०

सरळरेषा, पोरांचं म्हणाल तर माझा सख्खा पुतण्या घाटकोपरला आहे, त्यामुळं ते सांगू नका. मी प्रकल्प नको असं कुठं लिहिलंय दाखवा. मी म्हणतोय अहवालात विहीर नाही. विहीर आटली तर टँकरचा खर्च कुणाच्या हिशोबात धरलाय एवढंच विचारतोय.

नमुनाबाटली | सोम, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका पदरात घ्या. मी आठ वर्षं अशा अहवाल बनवणाऱ्या एका सल्लागार कंपनीत होते (नाव नाही), आता शिकवते. त्यामुळं दोन्हीकडून थोडं थोडं.

सगळे चोर असतात असं अजिबात नाही. माझ्याबरोबरची पोरं उन्हातान्हात हवेचे नमुने घ्यायचं यंत्र, सॅम्पलर, खांद्यावर घेऊन शाळेच्या गच्चीवर चढायची. पण रचनाच अशी आहे की प्रामाणिक माणूसही हळूहळू गुळगुळीत होतो. सल्लागार नेमतो कोण तर प्रकल्पवाला. पैसे देतो कोण तर तोच. आमच्याकडं शेवटचा हप्ता मंजुरीचं पत्र हातात पडल्यावर मिळायचा. आता सांगा, ज्याचं बिल मंजुरीवर अडकलंय तो 'इथं प्रकल्प करू नका' असं लिहील का? आठ वर्षांत मी एकही अहवाल असा पाहिला नाही ज्याचा शेवट 'नको' होता. सल्लागारांना नॅबेट ह्या संस्थेची मान्यता वगैरे आली, त्यानं कागदाची शिस्त सुधारली, पैशाचं तोंड जिकडं होतं तिकडंच राहिलं.

सडेकर, तुमच्यासारख्यानं काय बघावं ते सांगते. हवेचे तक्ते काढा. आठवड्यातून दोन दिवस असं बारा आठवडे, म्हणजे प्रत्येक ठिकाणचे २४ नमुने असतात. पीएम १०, म्हणजे हवेतली बारीक धूळ, तिची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. खरी हवा कधी ४० दाखवते, कधी शेजारी कुणी राब भाजला तर एकदम ११५. तुमच्या तक्त्यात बारा आठवडे सगळं ५२ ते ५८ च्या मध्ये बसलं असेल तर समजा की लाईट गेली होती आणि उरलेले आकडे ऑफिसात बसून भरलेत. खरे आकडे ओबडधोबड असतात हो. दुसरं म्हणजे नकाशावर सॅम्पलर कुठं ठेवलेत ते बघा आणि वारा कुठून कुठं वाहतो ते त्याच अहवालातल्या वाऱ्याच्या आकृतीत बघा. धूर जिकडं जाणार तिकडं एकही सॅम्पलर नसेल तर तेवढाच मुद्दा लेखी द्या, बाकी भाषण करू नका.

आणि मोराचं लिहाच. क्षुल्लक वाटतं पण त्यावरून कळतं की मुख्य प्रकरण लिहिणाऱ्यानं परिशिष्ट उघडलेलं नाही.

तलाठी_निवृत्त | सोम, संध्या ६:०५

ताई, चांगलं लिहिलंत. माझ्या खात्यातलं थोडं सांगतो.

ह्या 'ओसाड' शब्दाचं मूळ अहवालात नाही, आमच्या दप्तरात आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून रकाना असतो. वर्ग अ म्हणजे खडक, नाला, लागवडीला न येणारी, आणि वर्ग ब म्हणजे रस्ता, दफनभूमी अशा सार्वजनिक कामाची. हा रकाना सारा ठरवण्यासाठी आला, जमिनीत काय जगतं ते मोजायला नाही. इंग्रजाला प्रश्न एकच होता की हिच्यातून सारा निघतो का, नाही निघत तर खराबा. तिथं गुरं चरतात, धनगर उतरतो, गवत कापून विकतात, हे कुणी कुठल्या रकान्यात लिहायचं? पुढं पडीक जमिनींचे नकाशे निघाले त्यात देशावरचे माळ पण तसेच बसले, जिथं माळढोक होता ती सुद्धा 'पडीक'. मग सौरऊर्जेला जागा पाहिजे, पडीक आहे. झाडं लावायचीत, पडीक आहे. माळावर झाडं लावली की माळ मरतो हे कुणाच्या गावी नाही.

मी स्वतः असे दाखले सह्या करून दिलेत, खोटं कशाला बोलू. दाखला खरा होता. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासात हीच तक्रार होती की लोकांच्या वापरातली जमीन सरकारी कागदात पडीक म्हणून दिसते.

सरळरेषा | सोम, रात्री ९:३०

काका, हा मुद्दा पटला. नमुनाबाटली यांचाही पटला. पण मग उपाय काय, प्रकल्पवाल्यानं पैसे द्यायचे नाहीत तर काय सरकारनं द्यायचे? म्हणजे करदात्यानं खाजगी कंपनीच्या अभ्यासाचे पैसे भरायचे? आणि जिथं सरकारच प्रकल्पवालं आहे तिथं तर सगळं एकच खिसा.

वकीलपत्र | सोम, रात्री १०:१५

पैसे कंपनीचेच, फक्त ते थेट सल्लागाराच्या हातात द्यायचे नाहीत. ही पद्धत आपल्याच दुसऱ्या कायद्यात आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा बघा, त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास, एसआयए, तो वेगळ्या युनिटकडून करून घ्यायचा, खर्च जमीन मागणाऱ्याकडून भरून घ्यायचा आणि अभ्यास कुणी करायचा ह्यात त्याचा हात नसावा असं नियमात आहे. वर तज्ज्ञ गट तपासतो, त्याला प्रकल्प नको असं म्हणायची मुभा आहे. खाजगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती, सरकारी-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७०.

आता रडगाणं ऐका. त्याच कायद्यात असं कलम आहे की सिंचन प्रकल्पाला पर्यावरण आघात मूल्यांकन लागत असेल तर एसआयए लागत नाही. म्हणजे धरणाखाली गाव जातंय आणि सामाजिक अभ्यास माफ, कारण पर्यावरणाचा होतोय! शिवाय राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे वगैरे तेरा कायदे चौथ्या अनुसूचीत टाकलेत त्यांना एसआयए नाहीच. मोबदला मिळतो, अभ्यास नाही. पर्यावरणाच्या बाजूला पण तसंच, १४ सप्टेंबर २००६ ची जी अधिसूचना आहे तिच्यात प्रकल्प बी-२ वर्गात (कमी परिणामाचे धरलेले) पडला की अहवालही नाही आणि सुनावणीही नाही, आणि मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आतला प्रकल्प असेल तर सुनावणी माफ. त्यामुळं अहवालाचा दर्जा हा पुढचा प्रश्न झाला हो. अहवाल लागतो की नाही, हे वर्गीकरण कुणी कधी बदललं, ही खरी धोरणाची जागा, आणि ते बदल कार्यालयीन ज्ञापनांतून होतात, कुठं चर्चा नाही, सूचना-हरकती नाहीत, शुक्रवारी संध्याकाळी वेबसाइटवर एक पीडीएफ चढते.

ह्या अधिसूचनेच्या जागी आणायचा २०२० चा मसुदा आठवत असेल. सुनावणीच्या नोटिशीचे ३० दिवस २० वर आणायचे होते. लॉकडाऊनमध्ये काढला, हरकतींची मुदत जूनअखेर, इंग्रजी-हिंदीत. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि दहा दिवसांत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा म्हणून सांगितलं. लाखांनी हरकती गेल्या, मसुदा बारगळला. पण नंतर त्यातले काही बदल सुटे सुटे करून आलेच.

सडेकर, तुमच्या कामाचं: सुनावणी म्हणजे मतदान नाही. कितीजण विरोधात बोलले ते मोजत नाहीत, गणसंख्येची अट पण नाही. पण काय काय मुद्दे निघाले त्याचा गोषवारा शेवटी तिथंच लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची त्यावर त्याच दिवशी सही व्हायला लागते. हे लोकांना माहीत नसतं, भाषणं झाली की मंडळी जेवायला उठतात. उठू नका. वाचून दाखवा म्हणा. तुमची विहीर त्यात नाही आली तर ती पुढं दिल्लीत तज्ज्ञ समितीपुढं कधीच जाणार नाही.

घाटमाथा | मंगळ, सकाळी ७:३०

वकीलसाहेबांच्या भाषेच्या मुद्द्याला जोडून. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठीच्या माधव गाडगीळ समितीचं प्रकरण ह्याच धाग्यात बसतं. मार्च २०१० ला सरकारनंच नेमली, ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला, आणि सरकारनं आपल्याच समितीचा अहवाल दाबून ठेवला. केरळातल्या एका माणसानं माहिती अधिकारात मागितला, नाही म्हणाले. माहिती आयुक्त होते शैलेश गांधी, त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये जाहीर करा असा आदेश दिला, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथंही हरलं, तेव्हा कुठं मेमध्ये तो वेबसाइटवर आला. मग लगेच ऑगस्टमध्ये दुसरी समिती, कस्तुरीरंगन यांची. गाडगीळांनी सगळा घाट संवेदनशील धरून तीन पातळ्या केल्या होत्या आणि शेवटचा शब्द ग्रामसभांचा ठेवला होता. कस्तुरीरंगन समितीनं उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा ३७ टक्केच भाग संवेदनशील म्हणून काढला. त्यावर मार्च २०१४ ला पहिली मसुदा अधिसूचना. ३१ जुलै २०२४ ला सहावी, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर, त्यात आपले १७ हजार ३४०. मसुद्यावर मसुदा चालूच.

आता ह्यात लोकांपर्यंत काय पोचलं? 'घर बांधता येणार नाही, नांगर धरता येणार नाही.' अहवाल वाचलेला माणूस मला आमच्या तालुक्यात एक भेटला नाही, बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही. गाडगीळांच्या अहवालात लोटे औद्योगिक वसाहतीचं प्रकरण आहे, रत्नागिरीकरांनी ते तरी वाचा. त्यात एक हिशोब आहे की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ मध्ये जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती, लोक प्रदूषणाविरुद्ध शांतपणे सुद्धा जमू नयेत म्हणून. पाण्याचा आणि हवेचा आकडा सगळेच काढतात, जमावबंदीचे दिवस मोजायचं गाडगीळांना सुचलं. ते १९१ वाचून मी पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारून आलो होतो.

पावणेबारा | मंगळ, सकाळी १०:००

अवांतर: सरळरेषांनी विचारलं की अभ्यासवाले कधी प्रकल्पाला चांगलं म्हणतात का. म्हणतात की. ह्याच गाडगीळांचे वडील, धनंजयराव, गोखले इन्स्टिट्यूटमधून त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास केला होता, १९४८ ला छापलाय. कालवे झाल्यानंतर प्रत्यक्षात काय झालं, थेट फायदा किती आणि आडून किती, हे शेताशेतात जाऊन मोजलं आणि फायदा भरपूर निघाला, नुसत्या पाणीपट्टीवरून कालव्याची किंमत करू नका असाच सूर आहे त्याचा. म्हणजे तपासणी म्हणजे विरोध असं नाही. पण आज कुणी असं मागं वळून मोजतं का? समृद्धी झाला, आता पाच वर्षांनी त्याच्या कडेच्या गावांचं काय झालं ते बघणारं खातं कुठलं?

सरळरेषा | मंगळ, सकाळी ११:२०

हे मला माहीत नव्हतं. मान्य. मागं वळून मोजायचं म्हणाल तर ते आम्हा इंजिनियरांनाही पाहिजे असतं, पूल बांधून हस्तांतरित केला की फाईल बंद, नंतर पुराचं पाणी कुठवर आलं ते आम्हाला पेपरातूनच कळतं.

पण अटी असतात ना मंजुरीत? पन्नास-पन्नास अटी घालतात, आम्ही साइटवर वैतागलेले असतो.

नमुनाबाटली | मंगळ, दुपारी १:१०

अटी असतात हो, बघतं कोण? दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, प्रकल्पवाल्यानं स्वतःच लिहून द्यायचं की आम्ही अटी पाळतोय. आम्हीच लिहायचो ते. समोरच्या रकान्यात 'नोंद घेतली', 'पाळली जाईल', 'लागू नाही'. मागच्या वेळची फाईल उघडायची, तारीख बदलायची. एकदा तर प्रकल्प सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी 'बांधकाम सुरू झाल्यावर पाळली जाईल' असंच जात होतं आणि कुणी विचारलं नाही!

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, २०१६ चा ३९ क्रमांकाचा अहवाल ह्याच विषयावर आहे, पर्यावरण मंजुरी आणि नंतरची देखरेख. तपासलेल्या प्रकरणांतल्या २५ टक्के अहवालांत मंत्रालयानं नेमून दिलेल्या मुद्द्यांप्रमाणे काम नव्हतं आणि २३ टक्के अहवाल ठरलेल्या साच्यात पण नव्हते. आणि कॅग म्हणजे काही आंदोलक संस्था नाही.

वकीलपत्र | मंगळ, रात्री ९:५०

कॅगला हात लावता येत नाही, बाहेरच्यांना येतो, म्हणून सडेकरांच्या 'कोण आहे आपल्याकडं' ला उत्तर देताना हेही सांगायला पाहिजे. दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चमध्ये एक गट होता, नमती नावाच्या संस्थेबरोबर, तो नेमकं हेच करायचा. कर्नाटकची किनारपट्टी, गुजरात, छत्तीसगड, ओडिशा, तिथल्या गावातल्याच लोकांना घेऊन मंजुरीतल्या अटी वाचायच्या, जागेवर काय आहे त्याचे फोटो, तारखा, आणि योग्य खात्याकडं अर्ज. आरडाओरडा नाही, कागदाला कागद. फेब्रुवारी २०२३ ला सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी निधीचा परवाना निलंबित झाला, जानेवारी २०२४ ला रद्द. सरकारचं म्हणणं नियम मोडले, संस्थेचं म्हणणं नाही मोडले, ते काय असेल ते असो, पण अशा संस्थेचे हातपाय गळले की वाचणारी माणसं कमी होतात एवढं नक्की.

कोर्टाचं विचाराल तर तिथं पण हिंदोळा आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या अर्जात आजूबाजूच्या संवेदनशील भागाची माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ ला मंजुरी थांबवली. निकालपत्र वाचण्यासारखं आहे, अर्ज ओळीनं तपासलाय. जानेवारी २०२० ला स्थगिती उठली, विमानतळ झाला. आधी बांधा मग मंजुरी घ्या ह्या प्रकाराला १६ मे २०२५ ला वनशक्ती ह्या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं साफ बंदी घातली आणि १८ नोव्हेंबरला तीन न्यायाधीशांच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागं घेतला. सहा महिने टिकला. त्यामुळं कोर्टात बघून घेऊ म्हणून सुनावणीला जायचं टाळू नका. हरित लवादात मंजुरीविरुद्ध अपिलाला ३० दिवस असतात, कारण दाखवलं तर जास्तीत जास्त आणखी ६०, आणि तिथं पहिला प्रश्न हाच येतो की सुनावणीत तुम्ही हा मुद्दा मांडला होता का.

सडेकर | गुरु, रात्री ११:३०

मंडळी, आज सुनावणी झाली. थोडक्यात सांगतो, घसा बसलाय.

मांडव मोठा होता, पंखे होते, पुढच्या पाच रांगा आधीच भरलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या नव्या टोप्या. त्यातले निम्मे आमच्या तालुक्यातले पण नव्हते. आमची माणसं मागं उभी. कंपनीच्या साहेबांनी पाऊण तास पडद्यावर हिरवी चित्रं दाखवली. मग एक जण रोजगारावर बोलला, एक जण बापजाद्यांच्या जमिनीवर बोलून रडला, दोघांची बाचाबाची, माईक बंद, परत चालू.

माझी पाळी आली तेव्हा मी तीनच गोष्टी वाचल्या, कागदावरून. अभ्यास मार्च ते मे केलाय, सड्यावरचं जीवन जून ते ऑक्टोबरचं आहे, त्या काळातला अभ्यास करून अंतिम अहवालात घाला. खालच्या वाडीच्या चार विहिरी आणि एक झरा, त्यांचं पाणी सड्यातून येतं का ते तपासा. पान अमुकवर पहिल्या अनुसूचीतली प्रजाती नाही म्हटलंय आणि परिशिष्टात मोर आहे, ह्यातलं खरं कुठलं? सल्लागारांतली एक मुलगी, पंचविशीची असेल, तिनं परिशिष्ट उलटलं, सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेजारच्याकडं बघितलं. उत्तर आलं की तपासून कळवू.

शेवटी लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं गोषवारा वाचून दाखवा. अध्यक्ष म्हणाले नंतर मिळेल. मी म्हटलं साहेब, आजच वाचायचा असतो असं अधिसूचनेत आहे. जरा शांतता. मग त्यांनी शेजारी विचारलं, आणि दहा मिनिटांनी वाचला. विहिरी होत्या त्यात, झरा नव्हता. झरा घालायला लावला. मोर होता.

तलाठी_निवृत्त | शुक्र, सकाळी ६:१५

झऱ्याची नोंद गावनकाशावर असते का ते बघा, जुन्या नकाशात कधी कधी असते. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या आणि ठरावात झऱ्याचं नाव घाला, लोक ज्या नावानं हाक मारतात तेच.

सरळरेषा | शुक्र, सकाळी ९:००

सडेकर, त्या अहवालात पाण्याच्या निचऱ्याचं आणि पायाच्या खोदाईचं प्रकरण असेल, किती मीटर कापणार, पाणी कुठं सोडणार वगैरे. तुम्ही वहीत उतरवलं असेल तर तेवढे आकडे मला खाजगी निरोपात पाठवा. कातळ तीन मीटर कापला तर खालच्या झऱ्याचं काय होईल ते मला कागदावर मांडून बघता येईल. तुमच्या बाजूनं सांगेन असं नाही हं, जे निघेल ते.

सडेकर | शुक्र, सकाळी ९:१०

पाठवतो. जे निघेल ते इथंच टाका. वहीत दोन आकडे माझ्याच अक्षरात लागत नाहीयेत, तेवढे सोमवारी परत त्या कपाटापाशी जाऊन बघून येतो.